चंद्रभागेचे पाणी आणि क्लोरीनचे सिलिंडर

पंढरपूरचे नाव घेतले की कोणाच्या डोळ्यांपुढे वाळवंट उभे राहते, कोणाच्या कानांत टाळमृदंग घुमू लागतो, आणि घरातल्या बायकांना आधी आठवते ते तिथले कुंकू. विठोबाच्या ह्या गावी रसायनशास्त्राचे काय काम, असे कोणीही विचारील. पण हळकुंडाला टाकणखार आणि लिंबाचा रस लावून त्याचा पिवळा रंग लाल करणारे हात पिढ्यान् पिढ्या रसायनाचेच काम करीत आले आहेत. कोणता खार किती घालावा, कोठे थांबावे, हे त्या हातांना कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. वडीलधाऱ्यांनी धाकट्यांना शेजारी बसवून शिकवले. चूक झाली तर फार तर कुंकवाचा रंग बिघडे. जीव कोणाचा जात नसे.

आज ह्या गावातले सर्वांत मोलाचे रसायन मात्र निराळेच आहे. त्याला ना रंगीत पुडी आहे, ना दुकानात आरास. ते नळाच्या पाण्यात असते, टँकरमध्ये असते, वारीच्या वाटेवरल्या विहिरींत असते. त्याचे नाव क्लोरीन. आषाढी एकादशीला लाखो वारकरी एका गावात उतरतात आणि पाणी पिऊन सुखरूप घरी जातात, ह्यामागे इतर अनेक गोष्टींबरोबर ह्या उग्र वासाच्या हिरवट वायूचाही वाटा आहे. आणि हाच वायू १९१५ साली युरोपच्या रणभूमीवर माणसे मारण्यासाठी सोडण्यात आला होता. तारणारा आणि मारणारा एकच. दोहोंत अंतर आहे ते फक्त हाताळणाऱ्याच्या ज्ञानाचे. हे ज्ञान त्याला द्यायचे कोणी, आणि ते त्याच्यापाशी आहे की नाही हे पाहायचे कोणी, ह्या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि तो मोठा उद्बोधक आहे.

पटकीचे दिवस

आजच्या मुलांना पटकी हा शब्द शिवीत किंवा गोष्टीत भेटतो. त्यांच्या पणज्यांना तो वारीच्या वाटेवर भेटत असे. सकाळी दिंडीत अभंग म्हणणारा धडधाकट माणूस संध्याकाळी जुलाब-वांत्यांनी सुकून जावा, आणि रात्र उलटण्यापूर्वी त्याला मूठमाती द्यावी लागावी, असा तो रोग. एकोणिसाव्या शतकात तो हिंदुस्थानातून निघून जगभर हिंडला. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला जगातल्या राष्ट्रांची आरोग्यपरिषद भरली, तेव्हा मोठ्या यात्रांवर बोट ठेवण्यात आले, आणि सरकारची नजर हरिद्वार, पुरी, पंढरपूर अशा क्षेत्रांकडे अधिकच वळली. पुढच्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर पटकी उत्तर हिंदुस्थानभर पसरली.

दोष यात्रेकरूंच्या भक्तीचा नव्हता, पाण्याचा होता. लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो ह्यांनी १८५४ सालीच एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले होते. रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्यातील पाण्यात रोगाचे जंतू शोधून काढले. मग उपाय सुरू झाले. हाफकिन ह्यांनी १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीची लस टोचण्यास आरंभ केला. आग्र्याच्या हॅन्किन ह्यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची रीत रूढ केली. खेड्यांतून तेच ‘लाल औषध’ म्हणून ओळखले गेले. इंग्लंडात लिंकन शहराने १९०५ साली आणि अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ साली पिण्याच्या पाण्यात नित्य क्लोरीन मिसळण्यास सुरुवात केली, आणि ही युक्ती हळूहळू आपल्या नळांपर्यंत व विहिरींपर्यंत येऊन पोचली. ग्रामपंचायतीचा शिपाई ज्या पांढऱ्या भुकटीला नुसते ‘टीसीएल’ म्हणतो, ती ब्लीचिंग पावडर म्हणजे चुन्यात बांधून ठेवलेला क्लोरीनच होय.

ही भुकटी मुळात आली कोठून, हे पाहू गेले तर आपली गाठ जगातल्या पहिल्या रसायन-निरीक्षकाशी पडते.

शिकवणारा पहिला निरीक्षक

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातले सोड्याचे कारखाने मिठावर गंधकाम्ल ओतून सोडा तयार करीत. ह्या कृतीत मिठाच्या आम्लाची वाफ उठे. कारखानदार ती उंच धुराड्यांतून आकाशात सोडून देत, आणि ती आजूबाजूच्या शेतांवर उतरे. झाडे करपत, कुलपे-कड्या गंजत, माणसे खोकून बेजार होत. शेवटी १८६३ साली पार्लमेंटाने अल्कली अॅक्ट मंजूर केला. ह्या वाफेपैकी शंभरातले पंचाण्णव भाग कारखान्यातच पाण्यात विरघळवून अडवले पाहिजेत, असे त्याने बजावले. अंमलबजावणीसाठी जो मुख्य निरीक्षक नेमला तो पोलिसांतला किंवा वकिलांतला नव्हता. रॉबर्ट अँगस स्मिथ हे व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ होते. ‘आम्लवर्षा’ हा शब्दप्रयोग जगाला दिला तो ह्याच गृहस्थाने.

स्मिथ आणि त्यांचे चार दुय्यम निरीक्षक कारखान्यात जाऊन आधी वाफ मोजत, मग मालकाला ती कशी अडवावी हे दाखवून देत. कोळशाच्या तुकड्यांनी भरलेल्या मनोऱ्यात वरून पाणी सोडायचे आणि खालून वाफ, ही गॉसेज ह्यांची युक्ती १८३६ पासून माहीत होती. पण ती नीट चालवण्याचे ज्ञान सगळीकडे नव्हते. ते निरीक्षकांनी पुरवले. थोड्याच काळात बहुतेक कारखाने पंचाण्णवाच्या पुढे गेले. खटले अगदी थोडे भरावे लागले.

पण पुढची गंमत अशी की, आता कारखान्यांच्या दारात आम्लाचे साठे साचू लागले. त्याचे करायचे काय? वेल्डन आणि डीकन ह्या दोघांनी त्या आम्लापासून स्वस्तात क्लोरीन काढण्याच्या रीती बसवल्या, आणि तो चुन्यात मुरवून ढीगच्या ढीग ब्लीचिंग पावडर तयार होऊ लागली. काल जी वाफ शेते जाळीत होती, तिच्यातून कापड शुभ्र करणारी आणि पाणी निर्जंतुक करणारी भुकटी निघाली. कायद्याने धाक घातला, निरीक्षकाने रीत शिकवली, आणि कारखानदाराला नफाही झाला. कायद्याच्या इतिहासात अशी तिहेरी सोय क्वचितच साधते.

ह्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. स्मिथ कारखानदारांशी फार मवाळपणे वागतात, असा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला. निरीक्षक गुरू झाला की त्याला छडी उचलणे जड जाते, असे टीकाकार म्हणत. त्यात तथ्य होते. हा वाद अजून मिटलेला नाही. त्याकडे आपण पुन्हा येऊच.

मुंबईची गिरणी आणि कायद्याची पहिली पावले

आपल्याकडे कारखाने आले ते कापसाच्या पाठीवर बसून. मुंबईपाठोपाठ १८७७ साली सोलापुरात गिरणी उभी राहिली. तीच पुढे जुनी गिरण म्हणून प्रसिद्ध झाली. पंढरीच्या जिल्ह्यात भोंगा वाजू लागला. मुंबई सरकारने १८७५ साली गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. सोराबजी शापूरजी बंगाली ह्यांनी पुढाकार घेऊन कायद्याचा मसुदा केला, आणि अखेर १८८१ साली हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा झाला. तो इतका तोकडा होता की, शंभराहून कमी माणसांच्या कारखान्याला तो लागूच नव्हता, आणि सात वर्षांच्या मुलाला नऊ तास राबवण्याची त्यात मुभा होती. निरीक्षकाचे काम जिल्ह्याजिल्ह्यांतून बहुधा कलेक्टर वा त्याच्या हाताखालचे अधिकारी उरकत. सारा वसूल करणारा माणूस पट्ट्यांची आणि चक्रांची पाहणी काय करणार? म्हणून मुंबई सरकारला १८८२ साली इंग्लंडातून मीड-किंग नावाचा अनुभवी निरीक्षक बोलावून घ्यावा लागला.

ह्या कायद्याला माणसाचा चेहरा दिला तो नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे मागणीपत्र तयार केले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार आणि जखमी झालेल्यास भरपाई, अशा त्यातल्या मागण्या. १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी पदरात पडली. १८९७ साली मुंबईच्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता लोखंडे स्वतःच त्या रोगाला बळी पडले. कामगाराला त्याच्यावरच्या संकटाची माहिती असली पाहिजे आणि तो बोलू शकला पाहिजे, हा त्यांच्या आयुष्याचा धडा. पुढे रसायनांच्या कायद्याला तो गिरवायला नव्वद वर्षे लागली.

मधल्या काळात १९२२, १९३४ आणि १९४८ असे कारखाने कायदे सुधारत गेले. १९४५ साली केंद्र सरकारने कारखान्यांसाठी मुख्य सल्लागाराचे कार्यालय उघडले. परंतु ह्या सर्व कायद्यांचा जीव यंत्रात अडकला होता. चक्राला कठडा हवा, जिन्याला कठडा हवा, हे निरीक्षकाला डोळ्यांनी दिसत होते. जे दिसत नाही, पिंपात किंवा नळीत दडून बसते, त्याकडे लक्ष जाण्यासाठी दोन भयंकर दिवस उजाडावे लागले.

दोन स्फोट

पहिला दिवस १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज लागले होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, वंगणतेल आणि सोन्याच्या विटा असा विलक्षण मेळ होता. धोक्याचा माल असल्याचे लाल निशाण जहाजावर चढवलेले नव्हते. दुपारी कापसातून धूर निघू लागला. बंबवाले धावून आले आणि पाणी मारीत उभे राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाने दुसरा. आठशेच्या आसपास माणसे गेली असे नोंदले गेले. खरा आकडा याहून पुष्कळ मोठा असावा असे मानतात. त्यांत ६६ जण अग्निशामक दलाचे होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो.

कापूस आणि दारूगोळा एकावर एक रचू नये, हे ज्ञान त्या काळीही होते. युद्धाच्या घाईत ते बाजूला पडले. शेजारच्या जहाजांना आणि गोदीतल्या मजुरांना तर आपण कशाशेजारी उभे आहोत ह्याचा पत्ताच नव्हता.

दुसरा दिवस, खरे तर दुसरी रात्र, २ डिसेंबर १९८४ ची. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट नावाचा विषारी वायू सुटला. टाकीत सुमारे चाळीस टन साठा होता. तो थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती, आणि निसटता वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. पहिल्या काही दिवसांतच हजारो माणसे दगावली. ह्या रात्रीची सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट निराळीच आहे. तोंडावर ओले फडके धरून वाऱ्याला आडवे चालत जा, एवढे जरी लोकांना कोणी सांगून ठेवले असते तरी पुष्कळ जीव वाचले असते. लोक धावले, आणि धावल्यामुळे अधिकच विष छातीत ओढले गेले. रुग्णालयातल्या डॉक्टरांनादेखील समोर कोणते विष आहे हे ठाऊक नव्हते.

भोपाळपूर्वी युरोपनेही असे चटके सोसले होते. १९७४ साली इंग्लंडातील फ्लिक्सबरो येथे स्फोटात २८ माणसे गेली, आणि १९७६ साली इटलीतल्या सेवेसो गावावर विषारी ढग उतरला. त्यानंतर १९८२ मध्ये युरोपीय देशांनी धोकादायक रसायनांचा एकत्र कायदा केला. आपण मात्र आपली ठेच लागल्यावरच जागे झालो.

कायदा झाला, शिकवणार कोण?

जाग आली ती मात्र झपाट्याने. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ साली कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांचे एक संपूर्ण प्रकरण घालण्यात आले. मालकाने आपल्या रसायनांच्या धोक्याची माहिती कामगारांना, निरीक्षकाला आणि आसपासच्या वस्तीला दिलीच पाहिजे, असे त्यात सांगितले होते. आणि समोर धोका दिसत असेल तर तो वरिष्ठांच्या कानांवर घालण्याचा हक्क कामगाराला दिला होता. लोखंडे असते तर त्यांना समाधान वाटले असते. मग २७ नोव्हेंबर १९८९ रोजी घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात ह्यांविषयीचे नियम आले. रसायनाचा साठा ठराविक मर्यादेपुढे गेला की कारखान्याने संकटकाळाचा आराखडा करायचा, त्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यायची. कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठी जिल्हा प्रशासनाने निराळा आराखडा करायचा आणि त्याची तालीम वर्षातून एकदा तरी घ्यायची.

कागदावर हे सारे उत्तम. पण यंत्रावर वाढलेल्या खात्याला आता रसायनांची भाषा शिकायची होती. सुदैवाने शाळा तयार होती. मुंबईत शीव येथे १९६६ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राधाकृष्णन ह्यांच्या हस्ते केंद्रीय श्रम संस्थेचे उद्घाटन झाले होते. त्याच वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तो दिवस आता सुरक्षा दिन म्हणून पाळतात. शीवच्या संस्थेत कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी पदविकेसाठी येतात, डॉक्टर औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम करतात, आणि निरीक्षक वर्गात बसतात. भोपाळनंतर आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या साहाय्याने येथे मोठ्या अपघातांचा अंदाज बांधण्याचे नवे शास्त्र शिकवले जाऊ लागले.

ह्या शास्त्रातली एक रीत तर कोणत्याही गृहिणीला पटावी अशी आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या रसायन कंपनीत ती बसवली गेली. तिला ‘हॅझॉप’ म्हणतात. कारखान्याचा नकाशा टेबलावर पसरायचा, चारपाच जाणत्यांनी भोवती बसायचे, आणि एकेका नळीवर बोट ठेवून विचारायचे: येथून जास्त वाहिले तर काय? कमी वाहिले तर? मुळीच वाहिले नाही तर? उलटे वाहिले तर? कंटाळवाणे काम खरे. पण दूध उतू जाण्याआधीच आच मंद करणारी बाई ह्याहून वेगळे काय करते?

ठाणे-बेलापूर, पाताळगंगा, रसायनी ह्या पट्ट्यांतल्या कारखान्यांनी आणखी एक शहाणपण केले. परस्पर मदतीचे गट उभारले. एकाच्या आवारात आग लागली तर दुसऱ्याचा फेसाचा बंब धावतो. तरीही नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याला वायुस्फोटात तीसहून अधिक माणसे गेली, आणि डोंबिवलीत २०१६ व २०२४ अशा दोन्ही वर्षी मे महिन्यात स्फोट झाले. शाळा आहे, पुस्तक आहे, परीक्षा आहे. तरी विद्यार्थी दरवेळी उत्तीर्ण होतोच असे नाही.

पाण्याच्या टाकीशेजारची खोली

आता पुन्हा पंढरपूरकडे वळू. १९८९ च्या नियमांप्रमाणे क्लोरीनचा साठा दहा टनांच्या पुढे गेला की कडक बंधने सुरू होतात, आणि पंचवीस टनांपुढे ती आणखी कडक होतात. एखाद्या गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रात इतका साठा सहसा नसतो. शंभर किलोची काही सिलिंडरे, किंवा ज्याला कामगार ‘टनर’ म्हणतात ते नऊशे किलोचे एखाददुसरे भांडे. म्हणजे मोठ्या धोक्यांच्या यादीत हे केंद्र बसत नाही. पण वायूला यादी वाचता येत नाही. द्रवरूप क्लोरीनच्या एका मापाचा सुमारे साडेचारशे मापे वायू होतो, आणि तो हवेपेक्षा अडीचपट जड असल्याने जमिनीलगत सरपटत सखल भागाकडे जातो. अशा खोलीशेजारून वारीची गर्दी वाहत असेल, तर दहा टन काय आणि शंभर किलो काय?

ह्या खोलीत काम करणाऱ्या माणसाला पदवी लागत नाही; चार गोष्टी मात्र पाठ असाव्या लागतात. गळतीचा संशय आला की काठीला बांधलेला, अमोनियात भिजवलेला बोळा व्हॉल्व्हजवळ फिरवायचा. जेथे पांढरा धूर उठतो तेथे गळती. गळतीवर पाणी कधीही मारायचे नाही. पाणी आणि क्लोरीन मिळून आम्ल होते, ते लोखंड खाते आणि भोक मोठे होते. सिलिंडर असे फिरवायचे की गळकी जागा वर येईल, म्हणजे द्रव न येता नुसता वायू येईल. आणि पळायचे झाले तर वाऱ्याची दिशा पाहून, उंच जागेकडे. मुखवटा खोलीच्या आत टांगलेला असेल तर तो नसल्यासारखाच. तो दाराबाहेर हवा. ह्यांतली एकही गोष्ट कठीण नाही. पण जो माणूस ती एकदाही हाताने करून पाहत नाही, त्याला ती त्या घटकेला आठवत नाही.

खेडोपाडीही ह्याच विद्येची धाकटी शाखा आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम टीसीएल हे माप धरतो, भुकटी बादलीत कालवून चुना खाली बसू देतो, वरची निवळी विहिरीत ओततो, आणि अर्ध्या-पाऊण तासाने पाण्यात औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग उमटतो का पाहतो. त्या पिवळ्या छटेत क्लोरीन शिल्लक आहे की नाही ते कळते. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा पाण्याच्या ठिकाणांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. लाल कार्ड मिळालेल्या गावाची नाचक्की होते, पण त्याबरोबर काय दुरुस्त करायचे तेही कळते. अँगस स्मिथ ह्यांना ही पद्धत खात्रीने आवडली असती.

छडी की खडू?

जुना वाद मात्र पुन्हा दाराशी आला आहे. १९४८ चा कारखाने कायदा आता इतिहासजमा झाला. २०२० साली संसदेने संमत केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने निरीक्षकाच्या पदनामालाच साहाय्यकर्ता अशा अर्थाची जोड दिली. त्याने मालकाला आणि कामगाराला नियमांची माहिती द्यावी, सल्ला द्यावा, असे संहिता सांगते. कोणत्या कारखान्याची पाहणी व्हावी हे संगणकाने चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरावे, अशीही तरतूद आहे. पूर्वी विजेवर चालणारा दहा कामगारांचा कारखाना कायद्याच्या कक्षेत येई. आता ती मर्यादा वीस झाली आहे. घातक व्यवसाय असेल तर एकच कामगार असलेल्या ठिकाणीही सरकार अधिसूचना काढून संहिता लागू करू शकते.

कोणी म्हणतात, इन्स्पेक्टरचा जाच संपला. कोणी म्हणतात, पहारेकऱ्याच्या हातची काठी काढून खडू दिला. इतिहासाला विचाराल तर तो दोघांनाही थोडे थोडे खरे ठरवील. स्मिथ ह्यांचा खडू चालला, कारण त्यांच्या पाठीशी पंचाण्णव टक्क्यांचा मोजता येणारा आकडा होता आणि तो न पाळल्यास खटल्याची भीती होती. १८८१ चा कायदा पांगळा ठरला, कारण पाहणी करणाऱ्याला काय पाहायचे हेच कळत नव्हते. भोपाळला तर दोन्ही गोष्टी नव्हत्या. म्हणून छडी की खडू हा प्रश्नच फसवा आहे. ज्याला विषय कळतो, ज्याला मोजता येते, ज्याला समजावून सांगता येते, आणि समजावूनही न ऐकणाऱ्याचा कारखाना जो बंद करू शकतो, असा माणूस हवा. असा माणूस तयार करण्यास पैसा लागतो आणि वर्षे लागतात, आणि त्याचे काम उत्तम झाले तर वर्तमानपत्रात काहीच छापून येत नाही. न झालेल्या अपघाताची बातमी होत नसते.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने मोठे औद्योगिक अपघात टाळण्याचा करार १९९३ साली केला, आणि भारताने २००८ साली त्याला मान्यता दिली. म्हणजे हा शब्द आपण जगालाही दिलेला आहे. तो पाळायचा मात्र शीवच्या वर्गात, पाताळगंगेच्या आवारात आणि भीमेकाठच्या त्या लहानशा खोलीत.

दिवाळीच्या अंकात ह्या विषयाला जागा कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्या मोरीत आहे. दिवाळीची साफसफाई करताना फरशी उजळावी म्हणून कोणी ब्लीचिंग पावडर टाकते, आणि डाग जात नाहीत म्हणून त्यावरच बाटलीतले ॲसिड ओतते. त्या क्षणी बंद मोरीत जो गुदमरवणारा वायू उठतो, तो क्लोरीनच होय. दोन्ही वस्तू एकाच फळीवर ठेवू नयेत आणि कधीही एकत्र करू नयेत, हे घरातल्या मोठ्या माणसाने लहानांना आणि कामाला येणाऱ्या बाईंना दाखवून सांगावे. कुंकवाच्या खाराचे माप ज्या आपुलकीने पिढीमागून पिढी शिकवले गेले, त्याच आपुलकीने हेही शिकवावे. तेथे कोणी सरकारी निरीक्षक यायचा नाही. घरचे जाणते माणूस हाच तेथला निरीक्षक आणि तोच शिक्षक.